बाराच्या आत, पण किती आत?



आश्विन महिना आला की लातूर जिल्ह्यात सोयाबीनच्या सुगीची धांदल उडते. औसा, निलंगा, अहमदपूर, कोणत्याही रस्त्याने जा. शेतात मळणीयंत्राचा आवाज ऐकू येतो आणि घरापुढे ताडपत्रीवर पसरलेले पिवळे दाणे दिसतात. तुमच्यापैकी कित्येकांनी स्वतः ते दाणे उलथेपालथे करून वाळवले असतील. हे वाळवणे म्हणजे बीजगणितातला एक धडाच आहे, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण तसे आहे खरे. तो धडा आज आपण समजून घेऊ या.

हमीभावाने सोयाबीन विकायचे तर मालाला ठरावीक दर्जा लागतो. त्यातील एक अट अशी की दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. (२०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती; परंतु मूळ अट १२ टक्क्यांचीच.) ओलावा जास्त भरला तर माल परत न्यावा लागतो. गाडीभाडे अंगावर पडते आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

“मग त्यात काय अवघड आहे? खडखडीत वाळवावे म्हणजे झाले!” असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. दाण्यातून उडून जाते ते पाणी, आणि वजनकाट्यावर त्या पाण्याचेही वजन भरते. भाव क्विंटलवर ठरतो. दाणा जास्त वाळला तर वजन घटते. शिवाय फार कोरडा दाणा हाताळताना फुटतो, त्याची डाळ होते. म्हणजे कमी वाळवले तर माल परत, आणि जास्त वाळवले तर पदरचे पैसे कमी. मग वाळवावे तरी किती?

या प्रश्नाचे उत्तर एक संख्या नाही. ते संख्यारेषेवरचा एक तुकडा आहे. एक टोक इकडे, एक टोक तिकडे. समीकरणाने असे उत्तर मिळत नाही. त्यासाठी लागते ते संयुक्त असमीकरण.

साधे असमीकरण

दोन राशी समान आहेत असे सांगते ते समीकरण. एक राशी दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी आहे असे सांगते ते असमीकरण. ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे तुमच्या परिचयाची आहेत. टॉमस हॅरिअट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती प्रथम छापली गेली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर निघाला. चिन्हाचे टोक लहान राशीकडे आणि उघडे तोंड मोठ्या राशीकडे, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ होत नाही. खाली एक आडवी रेघ दिली, म्हणजे ‘≤’ लिहिले, की ‘लहान किंवा समान’ असा अर्थ होतो.

ओलाव्याच्या टक्केवारीला आपण ‘म’ म्हणू. खरेदीची अट अशी लिहिता येईल :

म ≤ १२

संख्यारेषेवर १२ पाशी भरीव टिंब काढा आणि तेथून डावीकडची रेषा ठळक करा. टिंब भरीव, कारण नेमका १२ टक्के ओलावा असलेला मालही चालतो. अट ‘म < १२’ अशी असती तर १२ हा बिंदू वगळला गेला असता व तेथे आपण पोकळ वर्तुळ काढले असते. गणितात फरक एका रेघेचा. खरेदी केंद्रावर मात्र माल घेण्याचा की परत पाठवण्याचा.

‘आणि’ : दोन कुंपणांमधली जागा

आता शेतकऱ्याची स्वतःची अट. समजा, त्याने ठरवले की ओलावा १० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे म ≥ १०. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत, म्हणून :

म ≥ १० आणि म ≤ १२

हे थोडक्यात असे लिहितात :

१० ≤ म ≤ १२

हे दिसायला एक वाक्य असले तरी ती दोन विधाने आहेत व त्यांच्यामध्ये ‘आणि’ हा शब्द दडलेला आहे, हे कधीही विसरू नका. पहिल्या विधानाची उकल म्हणजे १० पासून उजवीकडची सारी रेषा. दुसऱ्याची उकल म्हणजे १२ पासून डावीकडची सारी रेषा. दोन्हींमध्ये सामाईक असलेला भाग, म्हणजे दोन संचांचा छेद, ही संयुक्त असमीकरणाची उकल. वहीत दोन रेषा एकीखाली एक काढून हा सामाईक भाग रंगवून पाहा.

सामाईक भाग नेहमी असतोच असे मात्र नाही. कोणी म्हणाले, “ओलावा १२ पेक्षा जास्त हवा आणि १० पेक्षा कमीही हवा,” तर अशी एकही संख्या सापडणार नाही. उकल संच रिक्त! म्हणून १२ < म < १० असे लिहिणे निरर्थक आहे. दुहेरी असमीकरण लिहिताना मधले अक्षर क्षणभर झाका. उरलेले विधान (येथे १२ < १०) खोटे ठरले तर कोठेतरी चूक झाली, असे समजा.

एका क्विंटलचे गणित

समजा, १०० किलो सोयाबीन आहे आणि त्यात १६ टक्के ओलावा आहे. म्हणजे १६ किलो पाणी व ८४ किलो कोरडा दाणा. ओलावा १२ टक्क्यांवर आणायला किती पाणी उडून जायला हवे? बहुतेक जण चटकन ‘चार किलो’ असे उत्तर देतील. तपासून पाहू या. चार किलो पाणी गेले तर उरले १२ किलो. पण आता एकूण वजनही १०० राहिले नाही, ते ९६ झाले. ९६ मध्ये १२ म्हणजे १२.५ टक्के. माल परत!

म्हणून रीतसर मांडणी करू. उडून गेलेले पाणी ‘क्ष’ किलो मानू. उरलेले पाणी (१६ − क्ष), उरलेले एकूण वजन (१०० − क्ष). ओलाव्याची टक्केवारी :

म = १०० (१६ − क्ष) ÷ (१०० − क्ष)

ही टक्केवारी १० ते १२ मध्ये हवी. क्ष हा १६ पेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून (१०० − क्ष) ही राशी नक्कीच धन आहे. धन राशीने गुणले तर असमीकरणाचे चिन्ह बदलत नाही. तेव्हा सगळ्यांना (१०० − क्ष) ने गुणू :

१० (१०० − क्ष) ≤ १०० (१६ − क्ष) ≤ १२ (१०० − क्ष)

आता या जोडविधानाचे दोन भाग वेगळे करू.

डावा भाग : १००० − १० क्ष ≤ १६०० − १०० क्ष. यावरून ९० क्ष ≤ ६००, म्हणजे क्ष ≤ ६.६६६…

उजवा भाग : १६०० − १०० क्ष ≤ १२०० − १२ क्ष. यावरून ४०० ≤ ८८ क्ष, म्हणजे क्ष ≥ ४.५४५…

दोन्ही अटी पाळायच्या असल्यामुळे :

४.५५ ≤ क्ष ≤ ६.६६

दशांश स्थळे तोडताना आपण काय केले तेही पाहा. खालची मर्यादा ४.५४५… होती; ती वर नेऊन ४.५५ केली. वरची मर्यादा ६.६६६… होती, ती ६.६७ न करता ६.६६ ठेवली. मर्यादा तोडायची ती नेहमी आतल्या बाजूला. नाहीतर आकडे सोपे करण्याच्या नादात आपण कुंपणाबाहेर जाऊ.

चिन्ह उलटते ते कसे?

उडून गेलेले पाणी कोणी पकडून मोजू शकत नाही. मोजता येते ते उरलेल्या दाण्याचे वजन. त्याला ‘व’ म्हणू. व = १०० − क्ष.

४.५५ ≤ क्ष ≤ ६.६६ या असमीकरणाला −१ ने गुणू. ऋण संख्येने गुणताना असमीकरणाची चिन्हे उलटतात, हा नियम तुम्ही पाठ केला असेल. त्याचे कारण संख्यारेषेवर दिसते. २ ही संख्या ५ पेक्षा लहान; पण −२ ही −५ पेक्षा मोठी, कारण शून्यापाशी आरसा धरला की डावे-उजवे बदलते. येथे चिन्हे दोन आहेत, म्हणून दोन्ही उलटतील :

−४.५५ ≥ −क्ष ≥ −६.६६

आता सगळीकडे १०० मिळवू आणि लहान संख्या डावीकडे लिहू :

९३.३४ ≤ व ≤ ९५.४५

अर्थही पटतो. पाणी जास्तीत जास्त गेले तर वजन कमीत कमी उरते. कमाल मर्यादेतून किमान मर्यादा निघते आणि किमान मर्यादेतून कमाल. बीजगणितातले चिन्ह उलटते ते याच कारणाने, नुसता नियम आहे म्हणून नव्हे.

उत्तराचा ताळा दुसऱ्या वाटेने घेऊ. कोरडा दाणा ८४ किलो. तो वाळवण्याने बदलत नाही. ओलावा १२ टक्के असेल तर हे ८४ किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के होतात. ८४ ÷ ०.८८ = ९५.४५. ओलावा १० टक्के असेल तर ८४ ÷ ०.९० = ९३.३३. उत्तर जमले.

या गणिताचा व्यवहारी उपयोग केवढा आहे पाहा. सुरुवातीचा ओलावा ठाऊक असला की घरच्या साध्या काट्यावरही किती वाळवायचे ते ठरवता येते. १०० किलोचे वजन ९५.४५ किलोपर्यंत उतरेपर्यंत ऊन द्या, ९३.३४ च्या खाली जायच्या आत गोळा करा. तेच अति वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर नेला तर वजन उरेल ८४ ÷ ०.९२, म्हणजे ९१.३० किलो. बारा टक्क्यांच्या मानाने ४.१५ किलोंची घट. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या हिशेबाने एका क्विंटलमागे सुमारे २२१ रुपये उन्हात उडून गेले! वीस क्विंटल माल असेल तर चार हजारांवर.

मीटरची चूक आणि आर्किमिडीज

आता थोडे भौतिकशास्त्र. ओलावा मोजणारी पुष्कळ उपकरणे विजेच्या गुणधर्मावर चालतात. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये किती विद्युतभार साठवता येतो, हे मधल्या पदार्थावर अवलंबून असते. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८० आहे. कोरड्या धान्याचा त्याच्या मानाने फारच थोडा. म्हणून दाण्यात पाणी थोडेसे वाढले तरी उपकरणाला ते जाणवते.

पण कोणतेही उपकरण अगदी अचूक नसते. समजा, मीटरचा आकडा ‘न’ हा खऱ्या ओलाव्यापेक्षा जास्तीत जास्त ०.५ ने इकडे-तिकडे होतो. हे केवल मूल्य वापरून असे लिहितात :

|न − म| ≤ ०.५

केवल मूल्य म्हणजे अंतर. ‘न आणि म यांतील अंतर अर्ध्यापेक्षा जास्त नाही’ एवढाच याचा अर्थ, आणि हेही एक दडलेले संयुक्त असमीकरण आहे :

म − ०.५ ≤ न ≤ म + ०.५

मीटर चुकला तरी माल परत येऊ नये असे वाटत असेल, तर मीटर दाखवील तो मोठ्यात मोठा आकडाही १२ च्या आत हवा. म + ०.५ ≤ १२, म्हणून म ≤ ११.५. शेतकऱ्याची जागा १० ते १२ वरून १० ते ११.५ एवढी आक्रसली. मोजमाप जितके कच्चे, तितकी दोन कुंपणांमधली मोकळी जागा कमी.

खरे पाहता प्रत्येक मोजमाप म्हणजे एका संख्येला दोन्ही बाजूंनी कोंडणेच असते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत व बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पून दाखवले की

३ १०/७१ < π < ३ १/७

गणितातील हे फार प्रसिद्ध असे संयुक्त असमीकरण. यातला ३ १/७ म्हणजेच २२/७. आपण शाळेत π ऐवजी जी संख्या वापरतो ती π ची किंमत नसून त्याच्या उजवीकडचे कुंपण आहे!

‘किंवा’ : कुंपणाबाहेरची जागा

आता उलट प्रश्न विचारू. शेतकऱ्याचे नुकसान केव्हा होते? ओलावा १० पेक्षा कमी असेल किंवा १२ पेक्षा जास्त असेल तेव्हा.

म < १० किंवा म > १२

येथे दोन्हींपैकी एक विधान खरे असले तरी पुरे. म्हणून उकल म्हणजे दोन संचांचा संयोग : संख्यारेषेचे दोन वेगळे तुकडे, मध्ये खिंडार. हे ‘१० > म > १२’ असे एका ओळीत लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. मघाची युक्ती वापरा. मधले अक्षर झाकले की १० > १२ उरते, आणि ते खोटे आहे. ‘आणि’चे विधान साखळीत गुंफता येते, ‘किंवा’चे येत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट येथे लक्षात घ्या. ‘आणि’ने जोडलेले विधान नाकारले की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो. माल पसंत पडण्यासाठी ओलावा मर्यादेत हवा आणि काडीकचराही मर्यादेत हवा. नापसंत होण्यासाठी मात्र यांपैकी एकच मर्यादा ओलांडली तरी पुरते. सगळ्या अटी सांभाळायच्या त्याला कष्ट जास्त, आणि नाकारणाऱ्याला एक कारण बस्स, ते यामुळेच.

बोलीभाषा येथे आपल्याला फसवते. एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना ‘आणि’ ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, असे आपण सहज बोलतो. पण हा ‘आणि’ गणितातला नव्हे. एकच प्रवासी आठ वर्षांचाही आणि सत्तर वर्षांचाही कसा असेल? वय ५ ते १२ मध्ये किंवा ६५ ते ७५ मध्ये, असाच त्याचा अर्थ आहे. म्हणून शाब्दिक उदाहरण सोडवताना वाक्यातला शब्द पाहून भागत नाही. अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत की एक पाळली तरी चालते, हे स्वतःला विचारा.

पाऊस कोणत्या खान्यात?

असमीकरणांनी संख्यारेषेचे खाने पाडता येतात. हवामानखाते पावसाचे वर्णन याच रीतीने करते. सरासरीपासून पाऊस शेकडा किती कमी-जास्त झाला, त्या संख्येला ‘फ’ म्हणू. मग −१९ ≤ फ ≤ १९ असेल तर पाऊस सर्वसाधारण. २० ≤ फ ≤ ५९ तर जादा. फ ≥ ६० तर फारच जादा. −५९ ≤ फ ≤ −२० तर अपुरा. आणि −९९ ≤ फ ≤ −६० तर फारच अपुरा.

२०१५ च्या जून ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी झाला. −५९ ≤ −४० ≤ −२०, म्हणून शेरा ‘अपुरा’. पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ते दिवस येथे कोणी विसरलेले नाही.

तुमच्यातील चौकस विद्यार्थी विचारील, “फ ची किंमत −१९.५ आली तर? ती कोणत्याच खान्यात बसत नाही!” प्रश्न रास्त आहे. ही टक्केवारी पूर्णांकात घेतली जाते, म्हणून फट राहिली तरी तिच्यात कोणी पडत नाही. पण चल कोणत्या प्रकारच्या संख्या घेतो हे सांगितल्याशिवाय असमीकरण पुरे होत नाही, हे यावरून शिकावे. शिवाय −१९ आणि −२० यांच्या शेऱ्यांत जेवढे अंतर आहे तेवढे अंतर शेतात दिसत नाही. कुंपण माणसाने घातलेले असते. पिकाला ते ठाऊक नसते. म्हणून शेरा वाचला तरी मूळ आकडाही अवश्य पाहावा.

स्वतः सोडवा

१) −३ ≤ ५ − २ क्ष < ११ हे असमीकरण सोडवा व उकल संख्यारेषेवर दाखवा. कोणते टिंब भरीव व कोणते पोकळ?

२) भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा. ही अट ‘आणि’ वापरून व पाणी नापसंत होण्याची अट ‘किंवा’ वापरून लिहा.

३) आपल्या उदाहरणातील ‘१६ टक्के’ हा पहिला आकडाही मीटरचाच होता, आणि त्यातही ०.५ ची चूक संभवते. तेव्हा कोरडा दाणा ८३.५ ते ८४.५ किलोंच्या दरम्यान कितीही असू शकेल. काहीही झाले तरी १० ≤ म ≤ ११.५ राहावे, यासाठी वाळलेल्या मालाचे वजन कोणत्या मर्यादांत हवे?

उत्तरे : १) −३ < क्ष ≤ ४, −३ पाशी पोकळ वर्तुळ, ४ पाशी भरीव टिंब. २) पीएच ≥ ६.५ आणि पीएच ≤ ८.५, नापसंतीसाठी पीएच < ६.५ किंवा पीएच > ८.५. ३) ९३.८९ ≤ व ≤ ९४.३५.

तिसऱ्या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहा. आरंभी आपल्याजवळ दोन किलोंहून अधिक मोकळीक होती. ती आता अर्ध्या किलोच्या आत आली. मीटर याहून थोडा अधिक चुकणारा असता तर उकल संच रिक्त झाला असता, म्हणजे कितीही जपून वाळवले तरी खात्री देता आली नसती. मीटरची चूक किती झाली म्हणजे असे होईल, ते शोधून काढा. आणि यंदा घरी सोयाबीन वाळत घातले असेल, तर वही व काटा घेऊन ताडपत्रीपाशी जा.